नऊ हा आकडा चुकीचा कसा?

आमच्या साजगावचा एसटीडी कोड खोपोलीचाच, ०२१९२. आता घरोघरी मोबाइल आहेत, हा कोड उरलाय तो दुकानांच्या जुन्या पाट्यांवर. तो सी भाषेतल्या एखाद्या प्रोग्राममध्ये संख्या म्हणून लिहून पाहा. प्रोग्राम चालणार नाही. कम्पायलर, म्हणजे आपण लिहिलेला प्रोग्राम तपासून मशीनच्या भाषेत उतरवणारं सॉफ्टवेअर, एका ओळीत नकार देईल: ‘इनव्हॅलिड डिजिट नाइन इन ऑक्टल कॉन्स्टंट’.

ज्यानं ऑक्टल हा शब्द कधी ऐकलेला नाही, त्याला यातून एवढंच कळतं की नऊ हा आकडा चुकीचा आहे. आता नऊ चुकीचा कसा असेल? आणि तो चुकीचा असेल, तर त्याच्या जागी काय लिहायचं?

कर्जतचा कोड ०२१४८. तिथे आठ चुकीचा ठरतो. गाड्यांच्या नंबरांचंही तेच. रायगडचा ०६ चालतो, पण रत्नागिरीचा ०८ आणि कोल्हापूरचा ०९ चालत नाही. मुंबईचा ०२२ किंवा पुण्याचा ०२० लिहिला तर कम्पायलर चकार शब्द काढत नाही. म्हणजे मुंबई-पुण्याचं बरं चाललंय असं वाटेल. तसं नाही. कम्पायलरनं मुंबईच्या बाविसाचे गुपचूप अठरा केलेले असतात आणि पुण्याच्या विसाचे सोळा.

कारण असं की सी भाषेत संख्येच्या आधी शून्य लावलं, की ती संख्या दशमान पद्धतीतली राहत नाही. ती ऑक्टल, म्हणजे फक्त शून्य ते सात हे आठच आकडे असलेल्या पद्धतीतली होते. तिथे आठ आणि नऊ नाहीतच. हा नियम १९६९च्या सुमाराचा. बेल लॅब्समध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची पीडीपी-७ नावाच्या मशीनवर काम करत होते. त्या मशीनचा एक शब्द अठरा बिटांचा. तीन-तीन बिटांचे गट पाडले की बरोबर सहा ऑक्टल आकडे व्हायचे. त्यांच्यासाठी ही सोय होती. थॉम्पसन यांच्या बी भाषेतून ती सीमध्ये आली आणि सीमधून पुढच्या कितीतरी भाषांमध्ये गेली. मशीन इतिहासजमा झालं, शून्य मागे राहिलं.

अजून एक गंमत. १९७८ साली आलेल्या सीच्या पहिल्या पुस्तकातल्या नियमांप्रमाणे ऑक्टलमध्येही आठ आणि नऊ चालत असत. म्हणजे तेव्हा खोपोलीचा कोड बिनतक्रार स्वीकारला गेला असता आणि त्याचे ११६२ झाले असते. १९८९च्या प्रमाण सीमध्ये ही मुभा गेली. म्हणजे आज जो नकार आपल्याला विचित्र वाटतो, तो खरं तर सुधारणा आहे. आधी चूक समजून गप्प बसणारा आता निदान ‘नाही’ तरी म्हणतो.

मला जो प्रश्न पडतो, तो इथून सुरू होतो. ‘नाही’ म्हणणं चांगलं, हे ठीक. पण ‘नाही’ म्हणून झाल्यावर नाही म्हणणाऱ्याची जबाबदारी संपते का?

गप्प बसणारा

आधी गप्प बसणाऱ्याबद्दल बोलू. कारण ‘एरर नको, चालवून घे’ ही आपल्याला मनापासून आवडणारी गोष्ट आहे.

पायथन भाषेत एक लाख हा आकडा आपल्या पद्धतीनं लिहा, १,००,०००. पायथन तक्रार करत नाही. पण त्याच्या दृष्टीनं स्वल्पविराम म्हणजे वेगवेगळ्या वस्तूंमधलं अंतर. त्यामुळे तुमच्या एक लाखाच्या तीन सुट्या संख्या होतात: एक, शून्य, शून्य. सीमध्ये आधीपासून असलेल्या एखाद्या चलाची किंमत १,००,००० अशी लिहिली, तर त्यात फक्त एक साठवला जातो. फार तर कम्पायलर एखादी सूचना देतो, आणि सूचना वाचण्याची सवय फार जणांना नसते. एक लाखाचा एक रुपया होतो आणि प्रोग्राम पुढे जातो.

हे फक्त कम्प्युटरचं नाही. आमच्याकडे जमिनीचे व्यवहार गुंठ्यांवर चालतात. एक एकर दहा गुंठे हे कागदाच्या कोपऱ्यावर पुष्कळदा १.१० असं लिहिलं जातं. लिहिणाऱ्याच्या मनात टिंबाच्या डावीकडे एकर, उजवीकडे गुंठे. चाळीस गुंठ्यांचा एकर, म्हणजे एकूण पन्नास गुंठे. पण तोच आकडा एखाद्या एक्सेल शीटमध्ये गेला की १.१० एकर म्हणजे चव्वेचाळीस गुंठे होतात. सहा गुंठे गेले. कुणी चोरले नाहीत, कुणी खोटं बोललं नाही, लाल रंगात काही दिसलं नाही. खालापूर तालुक्यात आज सहा गुंठ्यांची किंमत काय, हे मी सांगायला नको.

म्हणून जे कळलं नाही ते कळल्यासारखं दाखवणं हा नकारापेक्षा मोठा अपराध आहे, असं मला वाटतं. नकारानंतर आपण निदान थांबतो, विचारतो. खोट्या होकारानंतर आपण निर्धास्त असतो.

खोडलेला आकडा

आता नकाराकडे येऊ.

इंजिनिअरिंगला असताना आम्हाला जावा भाषेचं प्रॅक्टिकल होतं. विद्यार्थ्याचं नाव आणि मोबाइल नंबर साठवणारा प्रोग्राम लिहायचा. माझ्या शेजारी बसणारा मित्र मराठी माध्यमातून आलेला, गणितात आमच्या सगळ्यांच्या पुढे. त्यानं स्वतःचा दहा आकडी नंबर लिहिला. कम्पायलर म्हणाला: ‘इंटिजर नंबर टू लार्ज’. संख्या फार मोठी आहे.

बरोबरच होतं. जावामध्ये साधी पूर्णांक संख्या २,१४,७४,८३,६४७ पर्यंतच जाते आणि भारतातले मोबाइल नंबर सहा, सात, आठ किंवा नऊनं सुरू होतात. म्हणजे आपला कुठलाही मोबाइल नंबर त्यात मावत नाही. मित्राला हे माहीत होतं. म्हणून त्यानं चलाचा प्रकार बदलून लाँग केला. लाँगमध्ये त्याच्या नंबरासारखे कोट्यवधी नंबर आरामात मावतात. पुन्हा चालवलं. पुन्हा तेच: संख्या फार मोठी आहे.

खरी अडचण वेगळी होती. डबा मोठा घेतला, तरी जावा उजवीकडे लिहिलेली संख्या आधी लहान डब्यातलीच समजून वाचते. संख्येच्या शेवटी एल हे अक्षर जोडलं की काम होतं. एक अक्षर! पण संदेशात त्याचा उल्लेख नव्हता. संदेश म्हणत होता की संख्या मोठी आहे, आणि मित्राला दिसत होतं की संख्या मोठी नाही. सरांना विचारलं तर ते लांबूनच म्हणाले, “अरे, एरर वाच की. स्पष्ट लिहिलंय.”

मित्रानं वाचला. मग त्यानं आपल्या नंबरातला शेवटचा आकडा खोडला. नऊ आकडी संख्या मावली. प्रोग्राम चालला, जर्नलवर सही झाली.

मी या प्रसंगाचा पुष्कळदा विचार करतो. त्या पोरानं कम्पायलरचं म्हणणं तंतोतंत ऐकलं होतं. संख्या फार मोठी आहे ना, मग लहान करतो. संदेशात खोटं काही नव्हतं, पण त्यातून तो शिकला ते हे की मशीनला खरं चालत नाही, जे चालतं ते द्यायचं. अस्पष्ट नकाराचा खरा तोटा वाया गेलेल्या वेळेचा नाही. असा नकार माणसाला खोटं लिहायला शिकवतो. आणि दुसरं म्हणजे, माणूस तो नकार स्वतःवर घेतो. ‘हा मेसेज वाईट लिहिलाय’ असं विशीतलं पोरगं म्हणत नाही. ते म्हणतं, ‘हे आपल्याला जमणारं नाही.’

एकोणपन्नास आणि एकोणसाठ

लहान मूल ‘एकोणपन्नास’ ऐकून ५९ लिहितं, तेव्हा ते का चुकलं? त्याला ‘पन्नास’ ऐकू आलं म्हणून पाच, आणि ‘एकोण’ आलं की शेवटी नऊ असतो हे त्यानं हेरलेलं असतं. म्हणून नऊ. त्याच्या डोक्यात एक नियम आहे, त्यानं तो नीट पाळला आहे. फक्त तो नियम भाषेचा नाही.

एक बाई त्या ५९ वर फुली मारतील. दुसऱ्या बाई म्हणतील, “एकोण म्हणजे एक कमी. पन्नासला एक कमी, मग किती?” दोघींनीही उत्तर नाकारलंच. पण दुसऱ्या बाईंनी मूल कुठल्या वाटेनं तिथे पोचलं हे ओळखलं आणि त्या वाटेवर जाऊन त्याला वळवलं.

२०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘सत्तावीस’च्या जोडीला ‘वीस सात’ अशी वाचनाची पद्धत आली, तेव्हा महाराष्ट्रभर गदारोळ झाला. विधिमंडळात विषय निघाला, विनोदांचा पाऊस पडला. मंगला नारळीकर यांच्या अध्यक्षतेखालच्या गणित समितीचं म्हणणं साधं होतं: संख्यांची मराठी नावं आणि त्या लिहिण्याचा क्रम यांचा मेळ बसत नाही, तिथे मुलं अडखळतात. जुनी नावं पुस्तकातून काढलेली नव्हती, दोन्ही पद्धती दिल्या होत्या. त्या बदलाच्या बाजूचे आणि विरोधातले दोन्ही मुद्दे मला पटण्यासारखे वाटतात. पण त्या वादाच्या मुळाशी जो प्रश्न होता, तोच कम्पायलरचाही आहे. खूप जण एकाच जागी पडत असतील, तर दोष चालणाऱ्यांच्या पायात शोधायचा की रस्त्यात?

दोन करार

साजगावला कार्तिकी एकादशीपासून बोंबल्या विठोबाची यात्रा भरते. सुक्या मासळीसाठी ती प्रसिद्ध, आणि बैलबाजारासाठीही. बैलांच्या बाजारात रुमालाखाली बोटं धरून भाव करण्याची जुनी रीत आहे. एक बोट म्हणजे किती, हे बोटावर लिहिलेलं नसतं. शंभर की हजार, हे समोरच्या जनावरावरून आणि चाललेल्या बोलण्यावरून दोघांना कळतं. ते कळलं नाही, तर हात पुन्हा दाबून खात्री करून घेतली जाते. कुणी कुणाला ‘तुझं बोट अवैध आहे’ म्हणत नाही.

आकडा हा नेहमीच असा करार असतो. ०२१९२ हा खोपोलीचा कोड, हा एक करार. सुरुवातीचं शून्य म्हणजे ऑक्टल, हा दुसरा करार. १,०५,००० मधले स्वल्पविराम हा आपला करार, पायथनचा वेगळा. दोन करार आपटले की एकाला आपण ‘चूक’ म्हणतो, कारण निर्णय देण्याचा अधिकार दुसऱ्याच्या हातात असतो.

पण या दोघांत एक मोठा फरक आहे. लिहिणाऱ्याला फक्त स्वतःचा करार माहीत असतो. कम्पायलर बनवणाऱ्याला दोन्ही माहीत असतात. ऑक्टलचा नियम त्याच्याकडे आहेच, आणि जगातली बहुतेक माणसं शून्य लावताना ऑक्टलचा विचार करत नाहीत हेही त्याला ठाऊक आहे. जबाबदारी कुणाची, या प्रश्नाचं माझं उत्तर इथून येतं. ज्याला दोन्ही करार माहीत आहेत, समजावण्याचं काम त्याचं. तो मोठा किंवा दयाळू आहे म्हणून नाही. ते काम करू शकेल असा त्या दोघांत तोच एक आहे म्हणून.

आणि हे होऊ शकतं. पायथनमध्ये ०८ लिहिलं की वर्षानुवर्षं उत्तर यायचं, ‘इनव्हॅलिड टोकन’. बास. २०१९च्या ऑक्टोबरात आलेल्या ३.८ या आवृत्तीत संख्यांबद्दलचे संदेश सुधारले गेले. आता पायथन सांगतो की दशमान संख्येच्या सुरुवातीला शून्य चालत नाहीत, ऑक्टल हवं असेल तर शून्यानंतर ओ लावा. नियम तोच, नकार तोच. पण हा नकार वाचून माणूस पुढचं पाऊल टाकू शकतो. तरीही हा प्रवास अर्धाच आहे. कारण १,०५,००० लिहिणाऱ्यालाही पायथन हेच ऑक्टलचं पुराण ऐकवतो. त्याला हवं असतं ते एक वाक्य: संख्येच्या आत स्वल्पविराम चालत नाही, १_०५_००० असं लिहा. अशी अधोरेषा पायथन २०१६ पासून स्वीकारतो आणि ती कुठल्याही दोन आकड्यांच्या मध्ये देता येते. लाखा-कोटीचं आपलं लेखन त्यात बसतं.

समोरच्या बाजूचं

माझ्या ऑफिसातले काही जण म्हणतात, एवढे लाड कशाला? प्रोग्रामिंग शिकायचं तर ऑक्टल माहीत हवं. अडखळल्याशिवाय कुणी शिकत नाही.

अडखळून शिकता येतं, हे खरं. पण अडखळण्याचेही प्रकार असतात. गणित अवघड म्हणून अडखळणं वेगळं आणि प्रश्नपत्रिकेची छपाई पुसट म्हणून अडखळणं वेगळं. पहिल्यातून गणित येतं. दुसऱ्यातून फक्त एवढंच ठरतं की ज्याच्या शेजारी समजावून सांगणारा दादा बसलाय तो पुढे जाईल.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. माणसाच्या मनात काय होतं, हे कम्पायलरनं ठरवायचं कशाला? चुकीचा अंदाज करून चुकीची दुरुस्ती सुचवली तर? हा धोका खरा आहे. अंदाजावर विसंबून परस्पर दुरुस्ती करणारा कम्पायलर पुन्हा त्या गप्प बसणाऱ्याच्याच रांगेत जाऊन बसतो.

यावरचं उत्तर मला रस्ट भाषेच्या कम्पायलरमध्ये सापडलं. तिथे ‘एरर’ आणि ‘हेल्प’ हे दोन भाग वेगळे असतात. ० ते २५५ एवढंच मावेल अशा जागी २५६ लिहिलं, तर तो सांगतो की ही संख्या या प्रकारात बसत नाही, आणि खाली मर्यादा किती ते लिहितो. दशांश संख्येच्या जागी नुसता १ लिहिला, तर प्रकार जुळत नाहीत हे तो ठामपणे सांगतो आणि १.० लिहा हे मदत म्हणून सुचवतो. इतकंच नाही. सुचवलेल्या दुरुस्तीवर तिची खात्री किती, याची नोंद कम्पायलर लिहिणारे आत करून ठेवतात. मशीननं आपोआप केली तरी चालेल अशी एक, चुकीचीही असू शकेल अशी दुसरी.

मला ही तांत्रिक सोयीपेक्षा जास्त नैतिक गोष्ट वाटते. मला हे माहीत आहे आणि हा माझा अंदाज आहे, ही दोन वाक्यं वेगळी ठेवणं आपल्या डॉक्टरांना, वकिलांना, आई-वडिलांना आणि आपल्याला स्वतःला किती वेळा जमतं?

नुसतं मराठी करून भागेल?

मग संदेश मराठीत केले की झालं, असं वाटू शकतं. करून पाहू: ‘अष्टमान स्थिरांकात अवैध अंक ९’. सगळे शब्द मराठी, पण अर्थ तितकाच दूर. भाषांतर झालं, वाचणाऱ्याच्या बाजूला कुणी आलं नाही. त्यापेक्षा तुटक इंग्रजीतलं ‘सुरुवातीचं शून्य काढा’ जास्त जवळचं.

आकड्यांची लिपी हा याचाच एक भाग. पायथनमध्ये चलाला ‘पगार’ असं नाव देता येतं, ‘पगार२’ असंही चालतं. पण त्याची किंमत २५००० अशी देवनागरी आकड्यांत लिहिली की अडतं. जुन्या आवृत्त्यांतला संदेश तर ‘नावात अवैध अक्षर’ असा होता, म्हणजे लिहिली संख्या आणि तक्रार नावाबद्दल. आणि मौज अशी की हेच देवनागरी आकडे अवतरणचिन्हांत घालून ‘यांची संख्या कर’ म्हटलं, तर पायथन मुकाट्यानं पंचवीस हजार करून देतो. त्याला येत नाही असं नाही. एका दारातून येऊ देतो, दुसऱ्यातून नाही.

माझी आत्या फोनवर मराठी कीबोर्ड वापरते. एक ऑनलाइन फॉर्म भरताना तिचा मोबाइल नंबर सारखा नाकारला जात होता. “अरे बाळा, नंबर तर माझाच आहे ना हा?” ती विचारत होती. फॉर्म म्हणत होता, ‘कृपया योग्य क्रमांक भरा’. नंबर योग्यच होता, आकडे देवनागरी होते. इथे तर चांगल्या संदेशाचीही गरज नव्हती. देवनागरी नऊचा नऊखेरीज दुसरा काही अर्थ होतच नाही. जिथे दुसरा अर्थच नाही, तिथे स्वीकारावं. १.१० सारखे दोन अर्थ निघत असतील, तिथे विचारावं. आणि नाकारायचंच असेल, तर कुठला नियम आडवा आला आणि आता काय करता येईल, हे सांगावं.

कम्पायलर लिहिणारे जगात थोडे. पण फॉर्म, ॲप, पोर्टल लिहिणारे आपल्या पिढीत ढिगानं आहेत, हे वाचणाऱ्यांतही असतील. ‘इनव्हॅलिड इनपुट’ हे दोन शब्द टाइप करायला आपल्याला दोन सेकंद लागतात. ते एकदा लिहिले जातात आणि हजारो जण ते एकेकट्यानं वाचतात. वाचताना आपण शेजारी नसतो. त्यातले काही जण कुणाला तरी विचारतात, काही नाद सोडतात आणि काही जण फॉर्मला जे चालतं ते भरून मोकळे होतात. माझ्या मित्राच्या प्रोग्राममध्ये नऊ आकडी नंबर साठवला गेला, तेव्हा स्क्रीनवर एकही एरर नव्हता.